गावचे घर पाहुण्यांस देताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, आणि त्या शाळेतही मी उभी राहून कधी कविता म्हटल्याचे आठवत नाही. गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई घरी आल्या व म्हणाल्या, "तुम्ही गावचे घर सुटीच्या दिवसांत पाहुण्यांना भाड्याने देता, त्याची हकीकत सभेत सांगा. बऱ्याच जणींच्या मनात आहे, पण विचारण्याचा संकोच वाटतो." मी म्हटले, "त्यात सांगण्यासारखे काय आहे? घर सारवते, भाकऱ्या भाजते आणि पैसे मोजून घेते." त्यावर त्या म्हणाल्या, "तेच सांगा. आणि जे चुकले तेही सांगा." तेव्हा घडले तसे सांगते. कमीजास्त बोलले गेले तर पदरात घ्या.

आपल्या महाड-पोलादपूरकडे बंद घरे किती आहेत, हे मी सांगावयास नको. माझे माहेर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूस. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे उमरठचे नाव सर्वांस ठाऊक आहे. आमच्या वाडीतले पुरुष पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत होते. गिरण्या गेल्या तरी माणसे परत आली नाहीत. मागाहून बायकामुलेही गेली. आता गणपतीस आणि शिमग्यास दारे उघडतात, दिवे लागतात, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा कुलपे. बंद घराला काय काय लागते, ते आपण जाणतोच. वानरे कौले फोडतात, एका पावसाळ्यात वाशाला पाणी लागते, दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी चढते, आणि तिसऱ्या वर्षी भिंत फुगते. माहेरच्या वाडीतील दोन घरे माझ्या डोळ्यांदेखत अशी बसली.

माझ्या सासरचे घर महाडहून पाचाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगास, एका लहानशा वाडीत आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा, मागे न्हाणी आणि रिकामा गोठा. मामंजी गेल्यावर सासूबाई आमच्याकडे महाडला राहावयास आल्या आणि त्या घराला कुलूप लागले. सहा वर्षे ते तसेच होते. दरवर्षी "यंदा कौले परतून घेऊ" असे म्हणावयाचे आणि मुलांच्या फीचा हप्ता आला की राहून जावयाचे.

२२ जुलै २०२१ चा पूर आपणां सर्वांच्या घरातून गेला आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करीत नाही. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर. रात्र शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढली. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा धान्याचा डबा, शिलाईचे यंत्र, मुलीची पुस्तके, सगळे एका रंगाचे झाले होते. रस्ता मोकळा होताच आम्ही सासूबाईंना घेऊन गावी गेलो. कुलूप गंजले होते, ते दगडाने फोडावे लागले. माजघरात दोन ठिकाणी पाणी साचलेले, माळ्यावर घुशींनी माती उकरलेली. परंतु भिंती उभ्या होत्या आणि चूल कोरडी होती. ज्या घराकडे आम्ही सहा वर्षे पाठ फिरवली, त्याच घराने आम्हांला दीड महिना आसरा दिला.

त्याच सुमारास मुंबईहून धाकटे भावोजी भेटावयास आले. त्यांनी सरळ सांगितले, की एक गिऱ्हाईक आहे, घर व सभोवतालची जागा मिळून चांगली किंमत देतो. पूर आला, खर्च तोंडावर आहे, दोघा भावांनी वाटून घ्यावे आणि मोकळे व्हावे. भावोजी वाईट बोलले नाहीत. त्यांच्याही डोक्यावर मुंबईच्या खोलीचे कर्ज आहे. आमचे हे गप्प राहिले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उठून परसात गेल्या. मी सून. सुनेने बोलावे की नाही, हा विचार करता करता तोंडून निघून गेले, "मला एक वर्ष द्या. घराने आपला खर्च आपण भागविला नाही, तर विका."

बोलून तर बसले, पण घर खर्च भागविणार कसा? एवढे मी पाहिले होते, की रायगडावर जाणारी माणसे आमच्या फाट्यावर गाडी थांबवून विचारतात, "येथे राहण्याची काही सोय आहे का?" १९९६ साली दोरवाट झाल्यापासून म्हातारी माणसे आणि लहान मुलेही गडावर जातात. कोणी पाचाडला जिजाऊसाहेबांच्या समाधीस येतो, कोणी शिवथर घळीकडे जातो, कोणी महाडला चवदार तळे व गांधारपाल्याची लेणी पाहतो, आणि रात्र पडली की महाबळेश्वरास किंवा मुंबईस निघून जातो. आपल्याकडे पाहण्याजोगे पुष्कळ. मुक्काम मात्र बहुतेकांचा दुसरीकडे.

ही गोष्ट मी लेकीजवळ बोलले. ती महाडला कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर शोधून मला फ्रान्स देशातली एक हकीकत वाचून दाखविली. ती ऐकून मला फार धीर आला, म्हणून आपणांसही सांगते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या खेड्यांतील माणसेही आपल्यासारखीच पोटासाठी शहरात गेली आणि शेतांतली दगडी घरे ओस पडली. दुसरीकडे शहरातल्या कामगारांना १९३६ सालच्या कायद्याने वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली होती. पण हॉटेलात मुलाबाळांसह राहणे त्यांना परवडणारे नव्हते. एकीकडे रिकामी घरे, दुसरीकडे रिकाम्या सुट्या. तेथल्या एमिल ओबेर नावाच्या सिनेटरने ही दोन टोके जोडण्याची कल्पना पुढे आणली, आणि १९५१ साली दक्षिणेकडच्या आल्प्स डोंगरातल्या भागात असे पहिले घर पाहुण्यांसाठी उघडले. १९५५ साली अशा घरांचा देशव्यापी संघ झाला. घराच्या डागडुजीसाठी सरकारी मदत मिळे. अट अशी, की घर काही वर्षे पाहुण्यांसाठी खुले ठेवावे. अशा घराला तिकडे 'झीत' म्हणतात, म्हणजे निवाऱ्याची जागा. घराची प्रत दाखविण्यासाठी संघाने तारे न घेता धान्याची कणसे घेतली आहेत; साधे घर एका कणसाचे, उत्तम घर पाच कणसांचे. शेतकऱ्याच्या घराला शेतातलीच खूण.

त्यांची रीत आपल्याहून निराळी आहे. सुटीच्या हंगामात घर बहुधा शनिवार ते शनिवार असे आठवड्याने देतात. पाहुणा आपला स्वयंपाक आपण करतो. येताना घरातील सामानाची यादी दोघांनी मिळून पाहावयाची, अनामत रक्कम ठेवावयाची, जाताना पुन्हा यादी पाहून ती परत घ्यावयाची. कित्येक ठिकाणी चादरी-टॉवेलही पाहुण्याने आणावयाचे असतात. घरवाली शेजारीच राहते, पण चुलीशी तिचा संबंध नाही. हे ऐकून सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "पाहुणा आपल्या घरी येऊन आपणच रांधणार? मग तो पाहुणा कसला गो?"

त्याच हकीकतीत दुसरी बाजूही होती. फ्रान्सच्या डोर्डोन्य नावाच्या भागात बाहेरच्या लोकांनी, विशेषतः इंग्रजांनी, पुष्कळ घरे कायमची विकत घेतली आहेत. भाड्याने दिलेले घर आठवड्याने आपल्या हाती परत येते. विकलेले घर येत नाही. आपल्या कोकणात आज हेच चालले आहे. रस्त्याकडेची जागा कोणाकोणाच्या नावावर गेली, हे आपण आपापल्या गावात मोजून पाहावे.

असो. लेकीने वाचून दाखविले त्यात नवे असे थोडेच होते, हे मला मागाहून उमगले. साहेबांच्या अमदानीत मुंबईची बडी माणसे बोटीने बाणकोटच्या खाडीतून दासगावास उतरत आणि महाड-पोलादपुरावरून महाबळेश्वरी हवा खाण्यास जात. पाहुण्यांची वाट आपल्या दारावरूनच जात होती. आणि रायगडावरच्या धनगरांच्या घरांतून गड पाहणाऱ्यांना पिठले-भाकरी आणि रात्रीपुरती पडवी कितीतरी वर्षे मिळत आली आहे. त्या बायांना ना कोणी योजना सांगितली ना प्रशिक्षण दिले.

आम्ही कामास लागलो. वासे आणि रिपा बदलल्या, कौले परतून घेतली, वीज नव्याने ओढली, न्हाणीला फरशी घातली आणि घराला लागून दोन स्वच्छ संडास बांधले. भगिनींनो, ह्या धंद्यात पहिला खर्च संडासाचा. खाट नसली तरी शहरातला माणूस खाली झोपतो. सारवलेल्या जमिनीचे तर त्याला कौतुक असते. पण संडास नीट नसेल तर तो सकाळीच गाडी काढतो. एकंदर २,१०,००० रुपये लागले. भावोजींनी ६०,००० दिले, काही ह्यांच्या फंडातून काढले, आणि उरलेल्यासाठी मी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या दिवशी हात फार हलके वाटले, हे कबूल करते.

२०२२ च्या डिसेंबरात पहिले पाहुणे आले. ठाण्याचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची पत्नी. दोन रात्री राहिले. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे, सोलकढी, सकाळी घावन आणि नारळाचा रस. आजींनी माझ्याजवळ चुलीपाशी बसून भाकरी थापून पाहिली. निघताना मास्तरांनी पाकीट पुढे केले. मी हात पुढे करणार तोच सासूबाई म्हणाल्या, "नको. जेवल्या ताटाचे पैसे घेतले तर अन्नपूर्णा रुसते." मी तर जागच्या जागी थिजले. पाटल्या गहाण, आणि येथे पहिलीच कमाई परत चालली! तेव्हा त्या आजी म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मला पुन्हा यावयास लाज वाटेल. एकदा फुकट जेवता येते, दुसऱ्यांदा नाही." सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी पाकीट घेतले, देव्हाऱ्यापुढे ठेवले आणि आजींची ओटी भरली. ते दोघे पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणि बरोबर लेकीचे कुटुंब घेऊन आले.

आता जे चुकले ते सांगते.

२०२३ च्या मे महिन्यात सहा जणांचा एक मेळा तीन दिवसांसाठी आला. आपल्या डोंगरातला मे कसा असतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतील इतके पाणी, आणि चैत्र-वैशाखात हंड्याला हंडा लावून रांग. आमच्या वाडीत तेव्हा दोन दिवसांआड टँकर येत होता. मी हजार लिटरची टाकी भरून ठेवली होती आणि मनात म्हटले, तीन दिवस पुरेल. ती मंडळी गडावरून उन्हातून आली, दोनदा आंघोळी झाल्या, मुलांनी न्हाणीतला नळ सोडून ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत टाकीत खडखडाट. मी घाबरले. पैसे आगाऊ घेतलेले. काळोख पडल्यावर दोन पोरांना शंभर-शंभर रुपये देऊन वाडीच्या विहिरीवरून पाणी आणविले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका विहिरीवर गेल्या, तर पोहऱ्यात गढूळ चिखल. शेजारच्या काकी सरळ आमच्या पडवीत आल्या. पाहुण्यांदेखत आवाज चढविला नाही, मला बाजूस बोलावून म्हणाल्या, "तुझे पाहुणे दोन-दोनदा न्हातात, आणि माझी सून पोटुशी असून हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर गेली." मला उत्तर सुचले नाही, आणि जे सुचले ते वाईट सुचले. मी म्हटले, "विहिरीत आमचाही वाटा आहे." काकी म्हणाल्या, "तुझा आहे. त्यांचा नाही." आणि निघून गेल्या.

त्या दिवशी मी पाहुण्यांना हसून वाढले, पण घास माझ्या घशाखाली उतरला नाही. अठरा वर्षांची असताना मी त्या घरात आले, तेव्हा मला त्या विहिरीवर रहाट ओढावयास ह्याच काकींनी शिकविले होते. घर वाचविण्यासाठी मी धंदा मांडला, आणि ज्या शेजारावाचून ते घर म्हणजे नुसत्या भिंती, त्याच शेजाराचे पाणी मी रात्रीचे उपसले. पाहुणे गेल्यावर मी काकींच्या घरी गेले, चूक झाली म्हणून सांगितले. त्यांनी चहा दिला. पण पूर्वीसारखे बोलणे व्हावयास पावसाळा उजाडला.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. १५ एप्रिलपासून पाऊस चांगला लागेपर्यंत घर पाहुण्यांसाठी बंद. हंगामाचे हे दीड-दोन महिने सोडणे म्हणजे नुकसान आहे, कारण शाळांच्या सुट्या तेव्हाच असतात. परंतु दुसरा मार्ग मला दिसला नाही. पुढच्या वर्षी गोठ्याच्या जागी पागोळ्यांचे पाणी साठविण्यासाठी टाके बांधले. विहिरीतला गाळ काढण्याच्या खर्चात आम्ही दोन घरांएवढा वाटा उचलतो. आणि माणसे जास्त असली तर भाकऱ्यांचे काम काकींच्या सुनेकडे असते. भाकरीमागे ठरलेले पैसे तिला त्याच दिवशी मिळतात. भाजी, अंडी, ताक, ओले काजू वाडीतूनच घेते. आता रस्त्यावर परकी गाडी दिसली, की काकीच मुलाला ओरडून सांगतात, "पाहुणे आले, वाट दाखव रे."

दुसरी गोष्ट पावसाची. आषाढ-श्रावणात आपला मुलूख हिरवागार होतो, धबधबे सुटतात, आणि शहरातून माणसांची रीघ लागते. टाकळा, कुर्डू, शेवळे, अळूचे फदफदे ह्यांची त्यांना अपूर्वाई. परंतु ज्या दिवशी आपल्या महाडात पाणी शिरले, त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही तेच झाले. हे ज्यांनी पाहिले, त्यांनी भर पावसात परक्याच्या लेकरांना "या, काही होत नाही" असे म्हणू नये. हवामान खात्याने तांबडा इशारा दिला, की आम्ही येणाऱ्यास फोन करून नको म्हणतो आणि आगाऊ रक्कम पूर्ण परत करतो. मागे एकदा असे १२,००० रुपये परत केले. नेमके त्या दिवशी लख्ख ऊन पडले! पाहुणे रागावले, हे सुद्धा म्हणाले, "उगीच घाई केलीस." असेल. कोरडा गेलेला दिवस पाहून मी नियम बदलला नाही.

तिसरी गोष्ट माणसे पारखण्याची. एकदा पाच तरुण आले आणि रात्री ओटीवर बाटल्या निघाल्या. वाडीत लेकीसुना. ह्यांनी जाऊन समजावले, तेव्हा ते खजील झाले व झोपले. परंतु माझी रात्र जागून गेली. आता फोनवरच सांगते, की हे घर आहे, घरात म्हातारे माणूस आहे, येथे दारू चालणार नाही. ज्यांना ती हवी असते ते दुसरीकडे जातात. दोन गिऱ्हाइके कमी झाली तरी झोप लागते.

आता हिशेब. पहिल्या वर्षात एकूण ४१ रात्री घर लागले. सर्व मिळून १,४६,००० रुपये आले. धान्य, गॅस, वीज, चादरी धुणे, मदतीची मजुरी ह्यांत ६८,००० गेले. शिल्लक ७८,०००. भावोजी गणपतीस आले, तेव्हा वही पुढे ठेवली. ते म्हणाले, "ठीक आहे. दोघांचे ३९-३९ हजार." माझ्या मनात काहीतरी खटकले, पण काय ते मला नीट मांडता येईना. घर दोघांचे, म्हणजे भाग दोन, हे बरोबरच होते.

तेव्हा सासूबाई कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आणि हिची मजुरी?"

सगळे गप्प झाले. सासूबाई पुढे म्हणाल्या, "गड्याला रोज देता, वायरमनला देता, भाकऱ्या थापणाऱ्या पोरीला देता. पहाटे चारला उठते ती ही. तिचे वहीत कुठे लिहिले आहे?" ज्या बाईने पहिल्या दिवशी पाकीट परत केले होते, तीच बाई हे बोलत होती. भावोजी समजूतदार. त्यांनीच विचारले, "वहिनी, किती लिहू?" मला आकडा सांगता येईना. शेवटी सासूबाईंनीच दिवसाचे ६०० रुपये ठरविले. एकेचाळीस दिवसांचे २४,६०० माझ्या नावे निघाले, आणि उरलेल्या ५३,४०० चे दोन भाग झाले. त्याच दिवाळीत माझी मजुरी आणि आमचा भाग मिळून मी पाटल्या सोडवून आणल्या.

भगिनींनो, मी येथे उभी आहे ती खरे म्हणजे ह्या एका गोष्टीसाठी. बाई घर राखते, हे सगळे म्हणतात. परंतु घर भाड्याने देऊ लागलो, की लोक पैसे मोजतात ते त्या राखण्याचेच मोजतात. स्वच्छ चादर, वेळेवर चहा, ऊन भाकरी, आजाऱ्याला मऊ भात. जागा वडिलोपार्जित असते. पाहुणा दुसऱ्यांदा येतो तो कामामुळे. म्हणून वहीत जागेचा वाटा एका ओळीत आणि कामाची मजुरी दुसऱ्या ओळीत लिहा, आणि हे पहिल्याच दिवशी लिहा. वर्षभर गोडीत काढून मग बोलावयास गेले, की त्याला भांडण म्हणतात.

ज्यांना हे काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी आणखी चार शब्द सांगते. घर सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावे असेल, तर सर्व वारसांची संमती लेखी घ्या, नणंदांचीही. पर्यटन खात्याकडे 'निवास व न्याहारी' म्हणून घराची रीतसर नोंद करता येते. शेती असेल तर २०२० साली शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण केले आहे, त्याखालीही नोंद होते. २०२३ साली 'आई' नावाचे महिलांसाठी पर्यटन धोरण निघाले. बाईच्या मालकीच्या अशा व्यवसायासाठी पंधरा लाखांपर्यंतच्या बँककर्जावरचे व्याज त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत शासन भरून देते. मी पाटल्या ठेवल्या तेव्हा हे नव्हते. आता विचारपूस केल्यावाचून कोणी दागिना गहाण ठेवू नये. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता व ओळखपत्राचा क्रमांक वहीत लिहा. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी कळवावे लागते. आणि फ्रान्सच्या बायांची ती यादीची रीत मी उचलली आहे. ताटे, वाट्या, तांबे, उशा ह्यांची यादी दारामागे लावलेली आहे. पहिल्या वर्षी सासूबाईंचा जुना पितळी तांब्या कोणाच्या तरी सामानातून गेला; त्यानंतर मोजून देते व मोजून घेते. पाहुण्यास त्याचे वाईट वाटत नाही.

आणि ज्यांना करावयाचे नाही, त्यांनी उगीच मन मोडून करू नये. कोणाला परका माणूस घरात सहन होत नाही, कोणाची पाठ दुखते, कोणाच्या वाडीत पाणीच नाही. घर नुसते उघडे ठेवणे, दर महिन्याला जाऊन दिवा लावणे, कौले परतून घेणे, हेही थोडे नाही.

घर विकावयाचे की ठेवावयाचे, हा प्रश्न आमच्याकडे संपलेला नाही. दर गणपतीस भावोजी वही पाहतात आणि म्हणतात, "आणखी एक वर्ष पाहू." मी म्हणते, "पाहू." असे करता करता तीन वेळा वही झाली आहे. सासूबाई आता वर्षातले आठ महिने गावीच असतात. गुडघे चालत नाहीत, पण पाहुणे आले की ओटीवर बसून रायगडच्या हिरकणीची गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक वेळी थोडी वाढवून सांगतात. मुलांना ती आमच्या जेवणाहून अधिक आवडते.

पुढच्या वर्धापनदिनापूर्वी मंडळाच्या भगिनींनी एक दिवस आमच्याकडे यावे, अशी विनंती करते. त्या दिवशी वहीत काही लिहिणार नाही. मात्र येताना मे महिना टाळून यावे!